घरात काय आहे?

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मार्केट यार्ड येथे स्त्रिया व तरुण यांच्या सभेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सव हा शब्द कानी पडताच पताका, रोषणाई आणि मिरवणूक डोळ्यांपुढे उभी राहते. ती असावीच, पन्नास वर्षे परमेश्वराने आपणांस सांभाळले, ह्याचा आनंद मनात कोंडून ठेवण्याचे काही कारण नाही. परंतु ज्या पवित्र शास्त्रातून ह्या उत्सवाची कल्पना आपणांपर्यंत आली, त्यातील लेवीय नामक पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात पन्नासाव्या वर्षाचा जो विधी सांगितला आहे, तो काही निराळाच आहे. त्या वर्षी देशभर कर्णा वाजवावा, दासांस मोकळे करावे, आणि ज्याची वडिलोपार्जित जमीन अडचणीपायी दुसऱ्याच्या हाती गेली असेल त्याने आपल्या जमिनीवर परत जावे, अशी ती आज्ञा होती. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ह्या विधीत गरिबास कोणी भिक्षा घालीत नाही. जे मूळचेच त्याचे होते, ते त्याच्या हाती परत येते. भिक्षा घेऊन जाणारा मनुष्य खाली मान घालून जातो. आपल्या शेताच्या बांधावर पुन्हा उभा राहिलेला मनुष्य मान वर करून उभा राहतो.

आजच्या आमच्या भाषणाचा विषय ह्या दोन मनुष्यांमधील अंतर हाच आहे. आणि प्रारंभीच आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे.

आपल्या कार्यालयाच्या कपाटात एक जाड वही आहे. तिजवर ‘गरजू कुटुंबे’ अशी अक्षरे आहेत. नाताळापूर्वीच्या रविवारी त्या वहीतील नावे वेदीजवळून वाचून दाखवावयाची, आणि मिस्सा आटोपल्यावर त्या त्या कुटुंबास धान्य, साडी, चादर जे काही जमले असेल ते द्यावयाचे, असा परिपाठ आम्ही चालवीत आलो. वहीत तीन रकाने होते : नाव, घर आणि अडचण. तिसऱ्या रकान्यात काय लिहिलेले असे? ‘विधवा.’ ‘नवरा दारूच्या आहारी.’ ‘मुलगा बेकार.’ ‘बारावी नापास.’ देणाऱ्यांची अंतःकरणे खरोखर दयार्द्र होती, ह्याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु चौथा रकाना आखावा असे आमच्या कधी मनातही आले नाही.

गेल्या वर्षी एक बाई आपल्या नावाचा पुकारा झाल्यावर उठल्या नाहीत. मिस्सेनंतर त्या आम्हांस भेटावयास आल्या व म्हणाल्या, “फादर, राग मानू नका. अकरा वर्षं तुम्ही माझं नाव वाचता. माझ्यापाशी काय नाही ते सगळ्या देवळाला पाठ झालं. मला काय येतं ते मात्र तुम्ही एकदाही विचारलं नाही.”

आम्ही निरुत्तर झालो. मग ओशाळून, उशिरा का होईना, विचारले. त्या भुसार बाजारात धान्य निवडावयास जातात. ज्वारीचा एक पसा हाती घेतला की त्यात ओल किती व खडा किती, हे त्या पाखडण्याआधी सांगतात. त्यांच्याबरोबरच्या नऊ बायकांच्या मजुरीचा आठवड्याचा हिशेब त्या तोंडी ठेवतात, आणि आजवर त्यात कोणाचा रुपया कमी पडला नाही. त्यांच्या गल्लीतील कित्येक जणी आपली शिल्लक नवऱ्याच्या दृष्टीआड ह्यांच्याच डब्यात ठेवतात. ज्या बाईवर अवघी गल्ली पैशाच्या बाबतीत विश्वास टाकते, तिची आमच्या वहीतील नोंद एका शब्दाची होती : ‘विधवा’.

पवित्र शास्त्रातही अशीच एक विधवा आहे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात तिची कथा आली आहे. नवरा वारला, कर्ज राहिले, आणि सावकार तिची दोन मुले दास म्हणून न्यावयास निघाला. ती अलीशा संदेष्ट्यापाशी रडत आली. त्याने तिच्या ओंजळीत नाणी टाकली नाहीत. तुझ्या घरात काय आहे, हेच त्याने तिला विचारले. तेलाच्या एका भांड्यावाचून काही नाही, असे ती म्हणाली. आणि पुढे जे घडले ते त्या एका भांड्यातूनच घडले. आपल्या प्रभूनेही अरण्यात भुकेल्या समुदायापुढे शिष्यांस प्रथम भाकरी मोजावयास लावले. किती उणे आहे हे शिष्य सांगतच होते. किती आहे, हे प्रभूने पाहावयास धाडले.

हा प्रश्न केवळ धर्मग्रंथातील नव्हे. आपण राहतो त्या बाजारातही तोच विचारला जातो. पहाटे गाड्या लागतात तेव्हा आडत्या शेतकऱ्यास काय विचारतो? यंदा तुझ्या रानात काय पिकले नाही, असे विचारतो काय? माल काय आणला, एवढेच तो विचारतो. पोते उघडतो, मूठभर माल हातात घेतो, आणि मग बोली सुरू होते. कांद्याची जी पारख आपण रोज करतो, ती आपल्या शेजारणीची व आपल्या पोराची करीत नाही, ही मोठी खेदाची गोष्ट होय.

परदेशांतील समाजसेवेच्या शास्त्रातही हा विचार आता रुजला आहे. अमेरिकेतील कॅन्सास विद्यापीठाच्या अध्यापकांनी १९८० नंतरच्या दशकात असे प्रतिपादन केले की, दुःखिताच्या व्यंगांची यादी करीत बसण्यापेक्षा त्याच्या अंगचे गुण, त्याची कौशल्ये व त्याचे सोबती ह्यांपासून साहाय्यास आरंभ करावा. परंतु ह्या गोष्टीची साक्ष शोधण्यास कॅन्सासला जाण्याचे कारण नाही. ती आपल्या दाराशीच आहे.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आजे-वडील पाठीवर पोती वाहत आले. शंभर शंभर किलोंचे पोते पाठीवर घेणाऱ्या मनुष्यास एके काळी नाव नव्हते. ‘ए हमाल’ एवढीच त्याची ओळख होती. १९५०च्या दशकाच्या मध्यास नाना पेठेत दवाखाना चालविणारे डॉ. बाबा आढाव ह्यांनी पुण्याच्या ह्या कष्टकऱ्यांस एकत्र बसविले व हमाल पंचायत उभी राहिली. त्यांच्यापाशी भांडवल नव्हते, विद्या नव्हती; परंतु त्यांच्या पाठीवाचून बाजार एक दिवसही हलू शकत नाही, हे त्यांचे बळ होते आणि ते त्यांस एकत्र बसल्यावर कळले. पुढे १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी व हमाल कामगारांचा कायदा झाला. मजुरी मंडळामार्फत मिळावी, भविष्यनिर्वाहाची व आजारपणाची तजवीज असावी, असे त्याने ठरविले. १९७४ साली हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ हे उपाहारगृह काढले. हमालास स्वस्त व पोटभर अन्न मिळावे, हा त्याचा हेतू. भाकरी थापणे ही गोष्ट आमच्या वहीत कोणी गुण म्हणून लिहिली असती काय? परंतु त्याच हातांच्या कसबावर सहस्रावधी कष्टकऱ्यांचे जेवण उभे राहिले.

दुसरे उदाहरण कागद, काच व पत्रा वेचणाऱ्या आपल्या भगिनींचे. ह्या शहराचा उकिरडा उपसून त्या पोट भरीत, आणि शहर त्यांस चोर समजे. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या पुणे येथील प्रौढशिक्षण विभागातील पौर्णिमा चिकरमाने व लक्ष्मी नारायण ह्या कार्यकर्त्या त्यांच्यात जाऊन मिसळल्या. ह्या बायकांस निराळा, स्वच्छ धंदा शिकवावा, असे कोणाही सुशिक्षितास प्रथम सुचेल. परंतु त्या बायकांस आपला धंदा सोडावयाचा नव्हता. कोणत्या कागदास काय भाव, कोणती काच वेगळी ठेवावी, कोणते प्लास्टिक वितळते, ह्याचे जे ज्ञान त्यांना होते ते कोणा पदवीधरास नव्हते. त्यांस हवा होता तो ह्याच कामात मान. मे १९९३ मध्ये पुण्यात त्यांचे अधिवेशन भरले, आठशेंहून अधिक कचरावेचक त्यास जमले, व त्यातून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत निर्माण झाली. गळ्यात ओळखपत्र आले. चोर म्हणून हटकणाऱ्यास दाखवावयास काही हाती आले. पुढे २००७ साली ह्याच स्त्रियांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली, आणि २००८ साली पुणे महानगरपालिकेने घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम करार करून तिच्याकडे सोपविले. आमच्या वहीत ‘कचरा वेचते’ हे शब्द अडचणीच्या रकान्यात आहेत. वस्तुतः ते गुणांच्या रकान्यात असावयास हवे होते.

अशी आणखी दोन उदाहरणे थोडक्यात सांगतो. मुंबईत गिरगावातील सात गृहिणींनी १५ मार्च १९५९ रोजी उसन्या ऐंशी रुपयांवर पापड लाटावयास प्रारंभ केला. ‘लिज्जत’ हे नाव आज कोणास ठाऊक नाही? आणि वसईच्या आपल्या धर्मबंधूंनी तर ह्याच्याही आधी हा धडा गिरविला होता. सावकाराच्या पाशातून गरीब शेतकरी सुटावा म्हणून मोन्सिन्योर मोनीस ह्यांनी १९१८ साली तेथे सहकारी पतसंस्था स्थापन केली. तीच पुढे बॅसीन कॅथॉलिक बँक झाली. धर्मगुरूने तेथे दान मागत दारोदार न फिरता लोकांचीच लहान लहान शिल्लक एकत्र केली, हे आम्हां धर्मगुरूंनी विशेषेकरून ध्यानात धरावे.

आता तरुणांविषयी. बेल्जियम देशातील एका श्रमजीवी घरात जन्मलेले योसेफ कार्डाइन शिक्षणासाठी सेमिनरीत गेले. सुटीत घरी आले तेव्हा बरोबरीचे सवंगडी कारखान्यांत जाऊ लागलेले. ते आता ह्यांच्याकडे परक्यासारखे पाहू लागले. ती सल त्यांच्या मनातून गेली नाही. धर्मगुरू झाल्यावर त्यांनी तरुण कामगारांची लहान लहान मंडळे जमविली, व १९२५ साली त्यांतून तरुण ख्रिस्ती कामगारांची संघटना उभी राहिली. त्यांची पद्धत तीन शब्दांची होती : पाहा, पारखा, करा. पाहावयाचे तरुणांनीच, पारखावयाचे सुवार्तेच्या उजेडात त्यांनीच, आणि करावयाचेही त्यांनीच. धर्मगुरू बाजूस बसे. पोप तेविसावे योहान ह्यांनी १९६१ सालच्या आपल्या परिपत्रकात ह्या पद्धतीचा गौरव केला, आणि कार्डाइन १९६५ साली कार्डिनल झाले.

आमच्या वहीत ‘बारावी नापास’ म्हणून नोंदलेला एक तरुण रात्री दोन वाजता टेम्पो घेऊन निघतो व उजाडण्यापूर्वी भाजी तीन ठिकाणी पोचवितो. गाडी वाटेत बंद पडली तर तो ती स्वतः दुरुस्त करतो. शहराचा कोणता रस्ता कोणत्या प्रहरी मोकळा असतो, हे त्यास तोंडपाठ आहे. आम्ही मात्र भेटेल तेव्हा त्यास एकच प्रश्न विचारीत होतो : परीक्षेस पुन्हा कधी बसणार? तो आम्हांस टाळू लागला ह्यात नवल ते काय?

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच आहे. आपल्या धर्मग्रामात स्त्रियांची व तरुणांची लहान आधारमंडळे निघावीत. दहा-बारांहून अधिक जण एका मंडळात नसावेत. कारण त्याहून मोठ्या सभेत बोलणारे चौघेच बोलतात व उरलेले चटया मोजतात. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या वेळा सांभाळून, कोणाच्या तरी घरी बसावे. पहिल्या बैठकीत प्रत्येकाने आपणांस काय येते ते सांगावे. पुष्कळांस ते सांगता येणार नाही. ‘मला काही येत नाही’ असेच उत्तर येईल. अशा वेळी शेजारणीने सांगावे, कारण आपला गुण आपणांस दिसत नाही, तो शेजारच्यास दिसतो. मग एकीची गरज व दुसरीचे कसब ह्यांची गाठ घालून द्यावी. जिला हिशेब येतो तिने जिला दुकान काढावयाचे आहे तिच्यापाशी बसावे. ज्या मुलीस अर्ज लिहिता येतो तिने म्हाताऱ्या आजीच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज लिहावा, आणि त्याच आजीने त्या मुलीचे बाळंतपण सांभाळावे. ह्यात देणारा निराळा व घेणारा निराळा राहत नाही. अध्यक्षपद दर महिन्यास फिरते असावे. आणि धर्मगुरूने त्या जागी बसू नये, हे आम्ही स्वतःस उद्देशून सांगतो. मंडळात एकीने दुसरीपाशी उघड केलेले दुःख बाहेर पाणवठ्यावर गेले, तर ते मंडळ त्याच दिवशी संपले, असे समजावे.

येथे काही शंका निघतील, त्यांस उत्तर देणे अगत्याचे आहे. एक गृहस्थ आम्हांस म्हणाले, “फादर, ज्याच्या घरी पीठच नाही त्याला गुण विचारून त्याचं पोट भरेल का?” शंका योग्य आहे. भुकेल्यास आधी भाकरी द्यावी, मग नाव विचारावे. नाताळचे धान्य बंद होणार नाही. परंतु सलग अकरा वर्षे धान्य देऊन जर ते घर पुढच्या वर्षीही आमच्याच दारी उभे राहत असेल, तर आमच्या दानात काही उणे आहे असेच म्हणावे लागेल.

दुसरी शंका ह्याहून गंभीर आहे. गरिबाच्या सामर्थ्याची स्तुती करावी, आणि त्या निमित्ताने श्रीमंतांनी व सरकारने आपले कर्तव्य टाळावे, असे तर होणार नाही ना? असे होऊ शकते. म्हणूनच आम्ही हमालांचे उदाहरण मुद्दाम दिले. आपले बळ ओळखल्यावर ते गप्प बसले नाहीत. त्यांनी कायदा मागितला व मिळविला. ज्यास आपले मोल कळते तोच आपला हक्क मागतो. गुण ओळखणे हे हक्काची पहिली पायरी होय. हक्काच्या ऐवजी दिलेले आश्वासन नव्हे.

आणि एक इशारा आम्ही अत्यंत कळकळीने देतो. ज्या बाईस घरी मारहाण होते, तिला तुझी सोशिकता हाच तुझा गुण, असे कोणी सांगू नये. असे पूर्वी सांगितले गेले आहे, आम्हां धर्मगुरूंकडूनही सांगितले गेले आहे, आणि ते चूक होते. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रीचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आहे. १८१ ह्या क्रमांकावर स्त्रीस व १०९८ ह्या क्रमांकावर बालकास साहाय्य मागता येते. मंडळातील भगिनींनी तिजबरोबर पोलीसठाण्यापर्यंत, डॉक्टरपर्यंत, वकिलापर्यंत जावे. तेथवर एकटीने जाण्याचे बळ क्वचितच कोणापाशी असते. चौघी बरोबर असल्या म्हणजे ते येते. त्याचप्रमाणे मनाच्या आजारास किंवा व्यसनास केवळ गप्पांनी उतार पडत नाही. त्यास वैद्याचीच गरज असते, हे मंडळाने जाणून असावे.

आता त्या बाईंचे पुढे काय झाले, हे आपण मनात विचारीत असाल. आम्ही त्यांच्या घरी गेलो व पहिले आधारमंडळ त्यांनी जमवावे अशी विनंती केली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “जमवते, फादर. पण वेदीजवळून नावं वाचायची नाहीत. कुणाचीच नाहीत.” ती अट आम्ही तेथल्या तेथे मान्य केली, आणि आज आपणां सर्वांच्या समक्ष पुन्हा मान्य करीत आहो. यंदाच्या नाताळापासून नावे वाचली जाणार नाहीत. ज्यास देणे असेल ते घरी, निमूटपणे पोचते केले जाईल. जुनी वही आम्ही जाळणार नाही. आमची चूक आमच्या डोळ्यांपुढे राहावी म्हणून ती कपाटातच राहील. नवीन वही मात्र आणली आहे. तीत अडचणीच्या आधी एक रकाना आखला आहे. त्यावर एवढेच लिहिले आहे : ‘काय येते’. ती वही आमच्या हाती असणार नाही. मंडळांच्या हाती असेल.

शेवटी पुन्हा त्या शास्त्रातील विधवेकडे वळून आम्ही आपली रजा घेतो. तिच्या कथेतील एका गोष्टीकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले. तेल तिचे होते, ओतणारे हात तिचे होते, भांडी पुढे करणारी मुले तिची होती. परंतु ती रिकामी भांडी शेजाऱ्यांची होती. अलीशाने तिला शेजारी धाडले ते तेल मागावयास नव्हे. भांडी मागावयास, आणि तीही पुष्कळ. भांडी पुरली तोवर तेल वाहत राहिले. भांडी सरली आणि तेल थांबले. म्हणजे त्या घरात किती तेल निघावे, हे शेजाऱ्यांनी किती भांडी दिली त्यावर ठरले.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या वस्तीत तेल नाही असे नाही. ते प्रत्येक घरात आहे. निवडणाऱ्या हातांत आहे, पोती वाहणाऱ्या खांद्यांत आहे, रात्री टेम्पो हाकणाऱ्या पोरांत आहे. पन्नास वर्षे आपण तेल नाही म्हणून हळहळलो. आता आपापल्या घरातील रिकामी भांडी घेऊन शेजारी जाऊ या. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर पहिले मंडळ बसेल. कोठे बसेल ते त्या बाईच ठरवितील. आम्हांस बोलाविले तर आम्हीही येऊ, आणि पायरीवर बसू.

परमेश्वर आपणां सर्वांचे कल्याण करो. आमेन.